परेडला सगळे, बजेटला कोणी नाही : अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना खुले पत्र

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांचे अध्यक्ष, कार्यकारिणी सदस्य आणि विश्वस्त यांस,

सप्रेम नमस्कार.

येत्या ४ जुलैला अमेरिकेला २५० वर्षं होतात. त्यानिमित्ताने गावोगावच्या परेडमध्ये मंडळाचा चित्ररथ, ढोल-ताशा, लेझीम, लाल-पांढरे-निळे फेटे अशी तयारी सुरू असल्याच्या ईमेल मला येताहेत. फेट्याच्या कापडाचे नमुनेसुद्धा ग्रुपवर येऊन गेले. माझा याला विरोध नाही. इथे जन्मलेली पोरं कमरेला ढोल बांधून रस्त्यावर उतरतात तेव्हा मलाही भरून येतं. पण ज्या देशाचा अभिमान मिरवायला आपण एवढी धावपळ करतो, त्यातलं नेमकं काय अभिमानाचं आहे आणि त्याचा किती भार आपण उचलतो, यावर एखादी संध्याकाळ घालवल्याचं मी कुठल्या मंडळात ऐकलेलं नाही. म्हणून हे पत्र. खुलं एवढ्याचसाठी, की कार्यकारिणीला खाजगीत लिहिलं की उत्तर येतं, ‘ताई, विचार छान आहे, पुढच्या वर्षी नक्की बघू.’

मी नव्वदच्या दशकात न्यू जर्सीत आले. ‘आमच्या वेळची अमेरिका’ असले उमाळे मला येत नाहीत. तेव्हाही इथे भरपूर वाईट होतंच. पण आमच्या गावात आगीचा बंब कोण चालवतं हे कळलं तेव्हा माझा आधी विश्वासच बसला नव्हता. एक प्लंबर, शाळेतले पीटीचे सर, बँकेतली एक बाई. रात्री भोंगा वाजला की अंथरुणातून उठून ही माणसं बंबावर जाणार, आणि पगार शून्य. बंब म्हणजे नगरपालिकेचं काम, एवढंच ठाऊक असलेली मी सांगलीची मुलगी. इथली ही रीत बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ साली फिलाडेल्फियात शेजाऱ्यापाजाऱ्यांना जमवून पाडली, आणि आजही या देशातल्या दर तीन अग्निशामकांपैकी साधारण दोन बिनपगारी आहेत. रविवारी सकाळी बंबाच्या शेडमध्ये पॅनकेक विकून ते नव्या पाइपांसाठी पैसे जमवतात. बंबावर झेंडा असतो, पण त्याविषयी कोणी अवाक्षर काढत नाही. या देशाबद्दल मला पहिल्यांदा आदर वाटला तो त्या शेडमध्ये, सिरपने चिकट झालेल्या टेबलाशी बसून.

ती माणसं आता कमी होताहेत. १९८०च्या दशकात देशभर असे नऊ लाखांच्या आसपास स्वयंसेवक होते. २०२० साली पावणेसात लाखांच्या घरात आले. तेवढ्या काळात लोकसंख्या साडेनऊ कोटींनी वाढली. याच काळात झेंडे मात्र मोठे होत गेले.

झेंड्याचा अर्थ माझ्या डोळ्यांदेखत बदलला. ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या आठवड्यात दुकानांतले झेंडे संपले होते. आमच्या ओळखीच्या पंपवाल्यांनी, मोटेलवाल्यांनी दारावर, गाडीवर, गल्ल्यावर झेंडे लावले. त्यांचं दुःख खरं होतं आणि भीतीही तेवढीच खरी होती, कारण १५ सप्टेंबरला ॲरिझोनातल्या मेसामध्ये बलबीर सिंग सोढी या पंपमालकाला केवळ पगडी बघून गोळी घातली गेली होती. तरीही त्या दिवसांत झेंडा सगळ्यांचा होता. आज आमच्या गल्लीत कोणी अंगणात मोठा झेंडा लावला की शेजारी मनातल्या मनात त्याचं मत मोजून मोकळे होतात.

गॅलप ही संस्था लोकांना देशाचा किती अभिमान वाटतो हे गेली कित्येक वर्षं विचारते आहे. या शतकाच्या सुरुवातीला दहातले जवळपास नऊ जण ‘अत्यंत’ किंवा ‘खूप’ म्हणायचे. जून २०२५ मध्ये हा आकडा ५८ टक्क्यांवर आला, तोवरचा नीचांक. मला स्वतःला त्या घसरणीपेक्षा आतल्या फाटाफुटीची काळजी जास्त वाटते : रिपब्लिकनांमध्ये ९२ टक्के, डेमोक्रॅटांमध्ये ३६. एका बाजूला अभिमान म्हणजे ‘प्रश्न विचारू नका’, आणि दुसऱ्या बाजूला ‘आमची माणसं सत्तेवर असतील तेव्हा बघू’, असं होऊन बसलंय. दोन्हीकडे माझे मित्र आहेत आणि दोन्हीकडच्यांना हे वाक्य आवडणार नाही.

१४ जून हा इथला ध्वजदिन. २०२५ साली त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये सैन्याच्या २५०व्या वर्षानिमित्त रणगाड्यांचं संचलन निघालं, आणि देशभरातल्या शेकडो गावांत त्या विरोधात ‘नो किंग्ज’ म्हणत लोक रस्त्यावर आले. झेंडा दोन्हीकडे होता. पण मला ध्वजदिन म्हटलं की १९४३चा आठवतो. दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना इथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी निकाल दिला, की वेस्ट व्हर्जिनियातल्या शाळकरी मुलांना धर्माच्या कारणाने झेंड्याला वंदन करायचं नसेल तर शाळा त्यांच्यावर सक्ती करू शकत नाही. पोरं रणांगणावर मरताहेत आणि कोर्ट सांगतंय, सलाम सक्तीचा नाही. या देशाचा अभिमान कशाचा, असं माझ्या नातवाने विचारलं तर मी त्याला हे सांगेन. रणगाड्यांचं तो यूट्यूबवर बघेलच.

आता आपल्याकडे वळते.

नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी आपण सगळ्यांनी ते १०० प्रश्न घोकले. (ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी ते १२८ झालेत आणि विचारतातही वीस.) त्यातला एक आठवतो का : फक्त नागरिकांचीच असलेली एक जबाबदारी सांगा? उत्तर होतं, ज्युरीवर बसणं किंवा संघराज्याच्या निवडणुकीत मत देणं. आणखी एक होता : लोकशाहीत भाग घेण्याचे दोन मार्ग सांगा. उत्तरांची यादी लांबलचक होती. मत द्या, पक्षात जा, प्रचारात मदत करा, सिनेटरला फोन करा, निवडणुकीला उभे राहा, वर्तमानपत्राला लिहा. त्याच यादीत एक होतं, एखाद्या सामाजिक मंडळाचे सभासद व्हा. आपण तेवढं एक निवडलं आणि पास झालो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळा-मंडळाच्या बैठकीत दिवाळीची सुट्टी मंजूर व्हायची होती. सभागृह खचाखच. मागे उभ्या असलेल्यांना बाहेर काढावं लागलं, माणसं नेहरू जाकिटं घालून आली होती, लहान मुलांनी भाषणं केली. सुट्टी मिळाली, पेढे वाटले. पुढच्याच महिन्यात त्याच सभागृहात बजेटची बैठक होती. शाळेच्या बस कमी होणार होत्या, अपंग मुलांच्या मदतनीस बायकांच्या नोकऱ्या जाणार होत्या. रिकाम्या खुर्च्यांत मी, माझ्या ओळखीच्या एक तेलुगू बाई आणि सात-आठ गोरे म्हातारे. गणिताचा ॲडव्हान्स्ड वर्ग बंद होणार अशी नुसती आवई उठली तर आपण पुन्हा शंभरांनी जाऊ, हे त्या बोर्डालाही चांगलं माहीत आहे. आपण कशासाठी येतो हे ओळखून ते आपल्याशी वागतात, आणि मग आपणच म्हणतो, हे आपल्याला परकं समजतात.

ज्युरीचंही तेच. समन्स आलं की आपल्या ग्रुपवर पहिला प्रश्न, ‘यातून सुटायचं कसं?’ आणि त्याला उत्तरं द्यायला पंधरा अनुभवी माणसं हजर. इंग्रजी येत नाही सांगा, म्हातारे आईवडील आहेत सांगा. आयटीत वीस वर्षं मॅनेजर असलेला माणूस कोर्टात इंग्रजी येत नाही म्हणून सांगतो आणि याचं कोणाला हसूही येत नाही, रागही येत नाही. २०२० च्या निवडणुकीत जॉर्जियात मतमोजणीला बसलेल्या रूबी फ्रीमन आणि शे मॉस या मायलेकींवर मतं चोरल्याचा खोटा आळ घेतला गेला. धमक्यांमुळे आईला राहतं घर सोडावं लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांची बदनामी करणाऱ्या रूडी जुलियानींना (ट्रम्प यांचे तेव्हाचे वकील) १४ कोटी ८० लाख डॉलर भरायला सांगितले ते कोणी? समन्स आल्यावर हजर राहिलेल्या साध्यासुध्या माणसांच्या ज्युरीने.

मी स्वतः निवडणुकीच्या दिवशी बोर्ड वर्कर म्हणून बसते. पहाटे सव्वापाचला शाळेच्या जिममध्ये हजर व्हायचं. सहाला मतदान सुरू, रात्री आठला बंद. न्यू जर्सीत प्रत्येक केंद्रावर दोन्ही पक्षांची माणसं सारख्या संख्येने बसवतात. माझ्या शेजारी एक निवृत्त ट्रकड्रायव्हर असतात, नोंदणीने रिपब्लिकन. राजकारणातल्या एकाही मुद्द्यावर आमचं पटणार नाही, म्हणून आम्ही गुडघेदुखीवर बोलतो. माझ्या शंकरपाळ्यांचा डबा दुपारपर्यंत तेच संपवतात. २०२४ च्या नोव्हेंबरात एक तरुण उमेदवाराच्या नावाची टोपी घालून आत आला. मी उठायच्या आत तेच उठले. ‘टोपी काढून ये बाबा, केंद्रापासून शंभर फुटांच्या आत चालत नाही.’ तो हसून म्हणाला, ‘तुम्ही तर आपलेच ना?’ हे म्हणाले, ‘ते बाहेर. इथे नाही.’ पोराने टोपी काढून खिशात कोंबली आणि मत देऊन गेला. यांनी परत येऊन डब्यात हात घातला. रात्री मशीनमधून निकालाची लांबच लांब कागदी पट्टी निघते. तिच्यावर दोन्ही पक्षांच्या माणसांनी सही करायची, सीलचा नंबर एकाने मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने लिहायचा, मग पिशवी बंद. पंधरा तासांनी पाय सुजलेले असतात. त्या कामात आपली मराठी माणसं मी किती पाहिली, हे लिहून तुम्हाला लाजवत नाही.

या सगळ्याला तुमचं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे : ‘आपण ५०१ सी ३, म्हणजे करमाफी असलेली सेवाभावी संस्था आहोत, आपल्याला राजकारण करता येत नाही.’ हे अर्धंच खरं आहे. कायद्याने मंडळाला कुठल्या उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात उतरता येत नाही. मतदार नोंदणी करता येते. सगळ्या उमेदवारांना बोलावून प्रश्नोत्तरं ठेवता येतात. ज्युरी म्हणजे काय, टाउनशिपचं बजेट कसं वाचायचं, हे शिकवता येतं. फक्त बाजू घ्यायची नाही. चर्च हे वर्षानुवर्षं करतात, लीग ऑफ विमेन व्होटर्स ही संस्था १९२० पासून करते आहे. नागरिकत्वाच्या शपथविधीनंतर बाहेर टेबल टाकून बसलेल्या त्यांच्या बायका कित्येकांना आठवत असतील. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने अशा बिगरसरकारी संस्थांना शपथविधीच्या ठिकाणी मतदार नोंदणी करायला बंदी घातली. म्हणजे ते काम आता आणखी कोणीतरी उचलायला हवं.

आणि आपण राजकारण करतच नाही हेही फारसं खरं नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये एडिसनच्या इंडिया डे परेडमध्ये बुलडोझर आला होता. भारतात त्याचा अर्थ काय झालाय हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं. नंतर आयोजकांना माफी मागावी लागली. तिथलं राजकारण रथावर चालतं, इथलं मात्र ‘नको बाई, वाद होतात’!

दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे, त्याला मी टाळणार नाही. आपले निम्मे सभासद नागरिक नाहीत. देशागणिक सात टक्क्यांच्या मर्यादेमुळे ग्रीन कार्डच्या रांगेत त्यांची ऐन उमेदीची वर्षं जाताहेत. २० जानेवारी २०२५ ला जन्मसिद्ध नागरिकत्वाबद्दलचा आदेश निघाला तेव्हा आमच्या मंडळातल्या एका गरोदर मुलीने मला रात्री अकराला फोन केला होता. तो आदेश कोर्टांनी रोखला, पण तिच्या त्या महिन्यांची झोप कोणी परत दिली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बीच्या नव्या अर्जाला एक लाख डॉलरची फी लागल्याची बातमी एका शुक्रवारी आली, आणि भारतात निघालेल्या कित्येकांनी त्याच रात्री तिकिटं रद्द केली. या मुलांना मी ‘तोंड उघडा’ म्हणणार नाही. फेसबुकवर काय लाइक करावं याचाही ते विचार करतात, आणि ते बरोबरच करतात. म्हणून तर ज्यांच्या कपाटात अमेरिकेचा पासपोर्ट आहे त्यांच्यावर दुप्पट जबाबदारी येते. तीस-तीस वर्षं इथे काढलेल्या, घराचं कर्ज फिटलेल्या, मुलं डॉक्टर झालेल्या आपल्याला कसली भीती आहे?

हा पासपोर्ट आपल्याला कोणामुळे मिळाला, हेही मंडळाच्या एखाद्या कार्यक्रमात सांगायला हवं. १९२३ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात ठरवलं की हिंदुस्थानी माणूस गोरा नाही, सबब तो नागरिक होऊ शकत नाही. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, तरीही. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, वर्षाला शंभर जणांपुरतं. ते खरं उघडलं १९६५ च्या कायद्याने. त्याच वर्षी ७ मार्चला सेल्माच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीयांना पोलिसांनी झोडपलं होतं, ऑगस्टमध्ये त्यांच्या मताधिकाराचा कायदा झाला आणि ऑक्टोबरमध्ये आपल्याला आत घेणारा. त्यांच्या लढ्याने वंशभेदाला जी लाज आणली, तिच्याशिवाय हा दुसरा कायदा होणं अवघड होतं. आपल्या घरांत त्यांच्याविषयी काय बोललं जातं ते मी इथे लिहीत नाही. तुम्हीही ऐकलेलं आहे.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष परोपकारबुद्धीबद्दल. अमेरिकेच्या झेंड्याला नाही, सरकारला नाही, सैन्याला नाही. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला आल्या, मग अडीच-तीन वर्षं या देशात फिरल्या आणि त्यावर मराठीत अख्खं पुस्तक लिहिलं. कौतुक केलं, आणि वर्णद्वेषावर बोटही ठेवलं. त्यांनी सगळ्यात जवळून पाहिल्या त्या इथल्या बायकांच्या संस्था. त्या बायकांना देशभर मतदानाचा हक्क मिळायला १९२० उजाडायचं होतं, तरी त्या शाळा, दवाखाने, दारूबंदीची चळवळ चालवत होत्या. आपल्या ग्रीन कार्डवाल्या सभासदांना मत देता येत नाही, पण शाळेच्या पुस्तकपेढीत, फूड बँकेत नाव घालायला नागरिकत्व सहसा कोणी विचारत नाही. फुले-आंबेडकर जयंतीला आपण हार घालतो तेव्हा यातलं काही बोलतो का? गेल्या वर्षी आमच्याकडे भाषण होऊन लगेच मिसळ होती, आणि लोकांची नजर पूर्ण वेळ मिसळीकडे.

आता मागणी. नोव्हेंबरच्या ३ तारखेला निवडणूक आहे. न्यू जर्सीत मतदार नोंदणीची मुदत १३ ऑक्टोबरला संपते. बाकी राज्यांच्या तारखा तुम्ही बघा. गणपती १४ सप्टेंबरला बसताहेत. एवढी गर्दी आपल्याकडे वर्षात पुन्हा होत नाही. तेव्हा दागिन्यांच्या आणि रिअल इस्टेटच्या स्टॉलशेजारी एक टेबल विनाभाडं द्या. त्यावर तीन अर्ज ठेवा : मतदार नोंदणीचा, बोर्ड वर्करचा आणि गावच्या बंबाच्या स्वयंसेवकांचा. टेबलावर जाणती माणसं बसवा, कारण एक गोष्ट फार सांभाळावी लागते : नागरिक नसलेल्या कोणाच्याही हातात चुकूनसुद्धा मतदार नोंदणीचा अर्ज देऊ नका. ‘भरून ठेव रे, काय होतंय’ म्हणून भरलेल्या त्या एका अर्जावरून माणसाला देशाबाहेर काढता येतं. कोणाच्या उमेदवारीचं पत्रक टेबलावर येऊ देऊ नका, मग तो मराठी असला तरी. बेळगावच्या बाजूला वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून काँग्रेसवर गेले तेव्हा मलाही आनंद झाला होता, पण मंडळाच्या टेबलावर त्यांचंही पत्रक नको.

चित्ररथाचं बजेट मी ग्रुपवर पाहिलं. त्यातले फेटे तेवढे भाड्याने आणले तरी या टेबलाचा सगळा खर्च निघतो. टेबलावर शनिवार-रविवार दोन्ही दिवस बसायला मी तयार आहे. आमचे ट्रकड्रायव्हर मित्रही येतो म्हणालेत. त्यांना मी मोदकांचं आमिष दाखवलंय, तेव्हा प्रसादाच्या टेबलावर एक डबा बाजूला काढून ठेवायला सांगा. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घेणार की नाही, तेवढं मात्र पंधरा दिवसांत कळवा.

आपली,
मंडळाची एक जुनी आजीव सभासद
मिडलसेक्स काउंटी, न्यू जर्सी